उत्साह ओसरल्यावर काय?

थंडी पडली की जालन्याच्या मोतीबागेत पहाटे धावणारे नवे चेहरे दिसू लागतात. संक्रांतीपर्यंत त्यातले निम्मे नाहीसे होतात. एके वर्षी त्यांत मीही होतो. पहिल्याच आठवड्यात तरुणांच्या बरोबरीने पळालो, नडगी दुखावली आणि मग पांघरूण सुटेना. दोष मी आळसाला दिला. खरा दोष घाईचा होता.

शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०१५ साली, लष्करात असताना, धावण्याच्या स्पर्धांत उतरले. आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक मिळाले २०२३ मध्ये. मध्ये आठ वर्षे गेली! मग आपण तीन आठवड्यांत निराश का व्हावे?

दम लवकर वाढतो. हाडे व स्नायूंचे बंध मात्र सावकाश बळकट होतात. म्हणून सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, मधूनमधून चालावे, एक दिवसाआड विश्रांती घ्यावी. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठावे.

माझे स्पष्ट मत असे, की उत्साहावर विसंबू नये. वेळ आणि सोबती पक्का करावा. माझे शेजारी पहाटे साडेपाचला बूट घालून ओट्यावर बसलेले असतात. त्यांना ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही, म्हणून मी उठतो.