आजीचे नाव कोणते?

मुलीचे नाव काय ठेवावे, ही चर्चा मराठी घरांत हल्ली बारशाच्या कितीतरी आधी सुरू होते आणि बाराव्या दिवशीही संपत नाही. गेल्या काही वर्षांत या चर्चेत एक नवा पक्ष उभा राहिला आहे आणि त्याचे नवेपण असे की, तो जुन्याचा आग्रह धरतो. उच्चशिक्षित, चांगल्या हुद्द्यावर असलेले तरुण आईबाप लेकीला रमा, मुक्ता, सई, जानकी अशी नावे हौसेने ठेवू लागले आहेत. गंमत अशी की, त्यांना पहिला विरोध पुष्कळदा आजीकडूनच होतो. 'असले काकूबाई नाव पोरीच्या गळ्यात कशाला?' असे विचारणारी ही आजी स्वतः सुनीता किंवा शैलजा असते. गोदी, यमी, द्वारकी ही नावे नाटका-चित्रपटांतून चेष्टेचा विषय झालेली तिने पाहिलेली असतात. नातीला शाळेत कोणी चिडवू नये, ही तिची काळजी खोटी नाही.

पण काकूबाई ठरणे कोणत्या नावाला चुकले आहे? गोदावरी, भागीरथी, पार्वती यांची पिढी मागे पडली तेव्हा कुमुद, मालती, उषा ही नावे झोकदार वाटत. त्यांना मनीषा-वैशालींनी जुने केले आणि आज चाळिशीत असलेल्या पूजा-स्नेहलही नव्या आयांना शिळ्या वाटू लागल्या आहेत. आजच्या कियारा आणि मायरा यांनाही हा न्याय लागू होणारच. 'मायरा' हे नाव संस्कृत असल्याचे काही जण मोठ्या विश्वासाने सांगतात. ते फुल्क ग्रेव्हिल या इंग्लिश कवीने आपल्या काव्यासाठी घडवले, असे मानले जाते. नाव कानाला गोड लागले म्हणून ठेवावे, त्यात काही वावगे नाही. त्याला खोटी वंशावळ चिकटवण्याचे मात्र कारण नाही.

आता शास्त्राचा आधार शोधणाऱ्यांविषयी. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. या कसोटीला यमुना उतरते. पण दोन अक्षरी रमा आणि चार अक्षरी, ईकारान्त गोदावरी दोघीही नापास होतात. मनुस्मृतीने तर नक्षत्र, वृक्ष वा नदी यांचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून करू नये, असे सांगून ठेवले आहे. महाराष्ट्राने हे किती मनावर घेतले, हे पाहायचे असेल तर आपल्या पणज्यांची नावे आठवावीत. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भिवरा, चंद्रभागा, रोहिणी, तुळसा! ज्या नदीकाठी गाव वसले, जिच्या पाण्यावर शेत पिकले, तिचे नाव लेकीला देताना कोणाही बापाने स्मृतिग्रंथ उघडला नाही आणि त्या मुलींची लग्ने अडल्याचेही ऐकिवात नाही. लोकपरंपरा ग्रंथाहून मोठी असते, याचे याहून हृद्य उदाहरण आम्हाला आठवत नाही.

जुन्याच्या या नव्या हौसेत एक निवड मात्र दडलेली आहे. परत येत आहेत ती दोन-तीन अक्षरी, सुबक नावे. रखमा, ठकू, भिवरा, सोनाबाई यांना अजून कोणी बोलावलेले नाही. दिवाणखान्यात शोभेल तेवढेच जुने आपल्याला हवे असते. अर्थात जुने म्हणून सारेच पुन्हा आणावे, असेही नाही. आधीची मुले दगावली की पुढच्या अपत्यावर नियतीची दृष्ट पडू नये म्हणून धोंडू, दगडू अशी नावे ठेवत. त्यांत धास्ती होती आणि मायाही होती. 'नकोशी' या नावात मायेचा लवलेश नव्हता. ऑक्टोबर २०११मध्ये सातारा जिल्ह्यात हे नाव वागवणाऱ्या २८५ मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण झाले. कोणी नटीचे नाव घेतले, कोणी देवीचे. त्या मुलींना कोणी परंपरेचे महत्त्व सांगू जाऊ नये.

आमच्या मते खरा प्रश्न याहून वेगळा आहे. पणजीचे नाव पणतीला ठेवायचे असे घराने ठरवले, तर ते कोणते? कारण आपल्या पणज्यांना नावे दोन होती.

आनंदीबाई जोशी यांचेच पाहा. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी विवाह झाला आणि तिची आनंदी झाली. १८८६मध्ये अमेरिकेत मिळवलेल्या वैद्यकाच्या पदवीवर हेच सासरचे नाव आहे. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना, कुर्लेकरांच्या. 'उंच माझा झोका' ही मालिका २०१२मध्ये घरोघर पाहिली जात होती, तेव्हा रमा या नावाचे कौतुक झाले. पण देवराष्ट्रे गावच्या अंगणात बागडली ती यमुना. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई मूळच्या गोदावरी. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईही मनकर्णिकाच. दोन यमुना, एक गोदावरी, दोन मनकर्णिका. त्यांचे कर्तृत्व आपण ज्या नावांनी ओळखतो, त्यांपैकी एकही नाव त्यांच्या आईबापांनी पाळण्यात ठेवलेले नव्हते.

लग्नाच्या दिवशी ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि जुने त्याच क्षणी पुसले जाई. आपल्या भाषेने तर यासाठी 'पूर्वाश्रमीची' असा शब्द योजला. हा शब्द संन्याशाचा. घरदार सोडून गेलेल्या पुरुषाच्या मागील आयुष्यासाठी तो वापरतात आणि संसार मांडायला निघालेल्या मुलीलाही तोच लावतात! श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारली जातात, तीही सासरचीच. काही घराण्यांच्या कुलवृत्तांतांत सुनांची दोन्ही नावे नोंदली आहेत. परंतु असे ग्रंथ किती घरांच्या वाट्याला येतात? बाकीच्या घरांत माहेरचे नाव त्या बाईबरोबरच जाते.

म्हणूनच जुन्या नावाच्या बाजूने आम्ही जरूर आहोत, पण ते पाळण्यात ठेवून मांडवात काढून घ्यायचे असेल तर या हौसेला अर्थ नाही. विवाहितेने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. तांदळात आधीचेच नाव लिहिणारी घरे आता दिसू लागली आहेत आणि त्यामुळे कोणाच्या संसाराला बाध आल्याचे आम्ही पाहिलेले नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत राज्य शासनाने आईचे नाव बाळाच्या नावाच्या लगेच पुढे आणून ठेवले आहे. त्या जागी आईचे कोणते नाव लिहायचे, पदवीच्या प्रमाणपत्रावरचे की तांदळात लिहिलेले, असा पेच ज्या घरांत पडत असेल, त्यांना आम्ही काय म्हणतो ते निराळे सांगायला नको.

राहिला पणजीचा प्रश्न. घरात ऐंशी-नव्वदीची म्हातारी हयात असेल, तर बारशाची पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी तिच्यापाशी थोडा वेळ बसावे आणि तुला माहेरी काय म्हणत, एवढेच विचारावे. उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित हा प्रश्न तिला साठ-सत्तर वर्षांत कोणी विचारलेलाच नसेल. ती हयात नसेल तर तिच्या भावाच्या घरी चौकशी करावी; माहेरी ते नाव अजून कोणाला तरी ठाऊक असते. मनकर्णिका निघाले आणि शाळेच्या दाखल्यावर फार लांब वाटले, तर घरात खुशाल मनू म्हणावे. त्यांच्या घरीही तसेच म्हणत.