पताकेची ऑर्डर तोंडी द्या

परवा गणपती मंडळाचं एक पोरगं दुकानात आलं. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणालं, "काका, असलं पायजे." फोटोत मांडवाच्या कडेने चुण्यांची पट्टी सोडलेली होती. "झालर का?" मी विचारलं. "झालर-बिलर नको काका, हेच पायजे." मी झालर शिवून दिली. पोरगं खुशीत गेलं.

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावात मला मशीनवर बसून चाळीस वर्षं झाली. इंग्रजीने मराठी शब्द खाल्ले, असं पेपरात नेहमी वाचतो. माझ्या दुकानात तरी तसं झालेलं नाही. कॉलर, बटन, लेस हे शब्द बाहेरून आले. पिको-फॉलवर तर आज माझं घर चालतं. आमचे शब्द गेले ते फोटोवर ठेवलेल्या बोटाने.

पूर्वी गिऱ्हाइकाला तोंड उघडावंच लागायचं. नातवाची कुंची शिवायला आलेली आजी बजावायची, "बाबा, नुसता गोट नको, मगजी घाल, लाल." आमच्याकडे कडेवर दुमडून घेतलेली पट्टी म्हणजे गोट आणि दोन कापडांच्या मधून डोकावणारी बारीक कड म्हणजे मगजी. पोळ्याच्या आठवडाभर आधी झुलीचं काम यायचं. "मास्तर, गोंडे पक्के लावा, मागच्या साली येशीतच गळाले." देवाच्या डोक्यावर ताणायचा तो चांदवा, मांडवाच्या बाजूला उभी करायची ती कनात. उपरण्याच्या टोकाला सुटे राहतात ते दोरे म्हणजे दशा. माणसाची होते तीही दशाच. संस्कृतातही या दोन्हींना एकच शब्द आहे. ज्याने तो ठरवला त्याने एखादं जुनं उपरणं बारकाईने पाहिलं असणार.

या शब्दांचं मला कौतुक आहे, पण मुद्दा मजुरीचा आहे. एक हात झालर करायची तर चुण्यांत दोन-अडीच हात कापड जातं. मगजी घालायला गोटापेक्षा वेळ लागतो. नाव घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक असायचं, म्हणून भाव ठरताना भांडण कमी. फोटो दाखवणारा म्हणतो, "एवढीशी पट्टी, एवढे पैसे?" फोटोत कापड मोजता येत नाही. मग तो फ्लेक्सकडे जातो. तिथे चौरस फुटाचा दर असतो, कसला शब्दच लागत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचं तोंड असतं त्याने काय झेंडे लावले, हे विचारण्याची आपल्यात पद्धत नाही. पावसाळा आला की तेच फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर झाकायला येतात. तेवढा त्यांचा उपयोग मी मान्य करतो.

तिरंग्याचं बघा. देशाने स्वातंत्र्यानंतर वस्तूंची मानकं लिहायला घेतली तेव्हा पहिला क्रमांक, आयएस १, झेंड्याला दिला. लांबी-रुंदी ३:२, कापड, रंग, शिवण, दोरी, सगळं शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेलं आहे. शेजारच्या नांदेडात खादी समिती राष्ट्रध्वज तयार करते. तिथे "असलं पायजे" म्हणून भागत नाही. ध्वजसंहितेच्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने मशीनवरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली, ती मला पटलेली नाही. पोट मशीनवर भरणाऱ्या माणसाने हे म्हणावं याचं हसू येईल, येऊ द्या.

तिरंग्याचं सगळं कागदावर आहे. पताकेचं काहीच नाही, ते फक्त बोलण्यात आहे. आणि आमचा हा मुलूख नामदेव महाराजांचा. त्यांचं गाव नर्सी आमच्या शेजारचं. महाराज जातीने शिंपी. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि त्यांत त्यांनी गज, कात्री, सुई, दोरा घेऊन देवाचं नाव शिवलं आहे. आषाढी करून आलेले वारकरी परतवारीला नर्सीत येतात. दिंडीत पताकावाले पुढे, टाळकरी आणि विणेकरी त्यांच्या मागे. अजून तरी तिथे फ्लेक्सचा झेंडा खांद्यावर घेतलेला वारकरी मी पाहिलेला नाही.

दिंडीतली एक म्हातारी दर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे येते. मोबाईल तिच्याकडेही आहे, नातवाने दिलेला. ती तो काढत नाही. म्हणते, "कापड सुती, रंग कावेचा, शेपटं दोन. काठीचा नेफा सैल ठेव, गेल्या बारीला लय ताणला होतास." इतकं ऐकल्यावर मला माप घ्यावं लागत नाही.

मंडळवाल्यांनो, आषाढ लागायच्या आधी या. पताका किती, झालर किती हात, गोंडे कोणत्या रंगाचे, ते सांगा. मोबाईल खिशात राहू द्या. शब्द आठवला नाही तर मी सांगतो, त्याचे पैसे लावत नाही.