नव्या विजेसाठी माणसे कोण घडवणार?

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. पाणी आपल्या डोंगरांचे होते, यंत्रे मात्र परदेशातून आणावी लागली. आज जगात अणुसंमीलनाच्या विजेची तयारी चालू आहे. त्या यंत्रांमागे आपली मुले असतील काय, याचा व्यापारी व कारागीर बंधूंनी विचार करावा.

सूर्यात हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिळून ऊर्जा देतात. तेच काम यंत्रात करावयाचे, तर वायू दहा कोटी अंशांहून अधिक तापवून चुंबकाच्या जोरावर भिंतीपासून दूर ठेवावा लागतो. हे वीस वर्षांत साधेल, असे डॉ. होमी भाभा १९५५ साली जिनिव्हा परिषदेत म्हणाले होते. सत्तर वर्षे उलटली, तरी ही वीज बाजारात आलेली नाही.

मग विद्यापीठांनी यावर पैसा का घालावा? व्यापाऱ्याच्या हिशेबानेच उत्तर देतो. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली ‘आदित्य’ हे यंत्र सुरू झाले. वीज नाही मिळाली, हुन्नर मिळाला. याच संस्थेने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेबरोबर अंगोरा सशाच्या लोकरीवर प्लाझ्माची प्रक्रिया बसवली. हा तंतू गुळगुळीत, कातताना निसटतो. प्लाझ्माने त्याला पकड येते. फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात भारतासह सात भागीदार आहेत. त्याच्या प्रचंड पोलादी आवरणाचे भाग सुरतजवळ हजिरा येथे घडले. तेथे वेल्डरचा हात शास्त्रज्ञाच्या डोक्याइतकाच मोलाचा.

प्रयोगशाळांना माणसे पुरवते ते विद्यापीठ. आपल्या धंद्याला हे नवे नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा कापडाचे रसायनशास्त्र त्यात सुरुवातीपासून होते. आता त्याच विद्यापीठाने रायगडच्या महाविद्यालयांतून निर्वात तंत्र, चुंबक आणि बारीक वेल्डिंग शिकवावे, व त्याचे दार कारागिराच्या मुलालाही उघडे ठेवावे.

आपणही मुलगा हिशेबात हुशार दिसला की त्याला लगेच गल्ल्यावर बसवू नये. मुलीची तालीम दहावीवर थांबवू नये. कलिना येथे मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी २००७ साली मूलभूत विज्ञानाचे केंद्र काढले आहे. बारावीनंतर ‘नेस्ट’ परीक्षा देऊन तेथे पाच वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. वीज येईल तेव्हा येईल. शिकलेले मूल पाच वर्षांत उभे राहते. एवढी कमी मुदत आपल्या कोणत्या उधारीला असते?