मंदगति आणि मोटारीचा ताप

मोटार वेगानें धांवली म्हणजे तापते व सावकाश चालली म्हणजे थंड राहते, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मतें हा समज अपुरा असून प्रसंगीं घातकहि आहे.

इंधन जळून इंजिनांत जी उष्णता उत्पन्न होते, तिचा मोठा भाग शीतक द्रवास वाहून न्यावा लागतो. हा द्रव रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतो व बाहेरच्या वाऱ्यानें निवतो. गाडी वेगांत असतां हा वारा फुकट मिळतो. गर्दींत ती मुंगीच्या पावलानें सरकूं लागली, कीं सारा भार पंख्यावर पडतो. त्यांतच वातानुकूलन चालू असेल, तर त्याचीहि उष्णता रेडिएटरच्या तोंडाशीं येऊन पडते.

तथापि निर्दोष गाडी अशा वेळींहि फाजील तापूं नये. सुमारें ९० ते १०५ अंश सेल्सिअस ही पुष्कळ इंजिनांची नेहमींचीच स्थिति होय. द्रवांत ग्लायकॉल मिसळलेलें असतें व घट्ट झांकणामुळें आंत दाब असतो, म्हणून १०० अंशांसहि तो उकळत नाहीं. अर्थात् कांटा मध्य सोडून वर चढूं लागला, तर गर्दीस बोल लावणें व्यर्थ. पंखा बिघडलेला, द्रव कमी झालेला, किंवा रेडिएटर चोंदलेला, हा दोष बहुधा आधींचाच. गर्दीनें तो फक्त उघडकीस आणला.

गेल्या मे महिन्यांत खंडाळ्याच्या घाटांत मीं काकांस चढता कांटा दाखविला. "लोणावळें आलेंच कीं!" असें म्हणून त्यांनीं गाडी तशीच रेटली. थोड्याच वेळांत वाफ निघूं लागली. काका उतरून झांकणास हात घालणार, तोंच शेजारच्या ट्रकचा चालक ओरडला, "साहेब, हात लावूं नका!" त्या चार शब्दांनीं काकांचा हात, कदाचित् डोळेहि, वांचले. झांकण सैल होतांच दाब उतरतो आणि उकळता द्रव उसळून अंगावर येतो.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच: कांटा चढतांच वातानुकूलन बंद करावें, गाडी सुरक्षित जागीं बाजूस घ्यावी, इंजिन थांबवावें व तें पुरतें निवेपर्यंत झांकणास शिवूं नये. मागून कोणी कितीहि भोंगे वाजवोत, थांबण्यांत कमीपणा नाहीं. आणि पालकहो, मागें बसलेल्या मुलाची दृष्टि कांट्यावर गेली, तर त्याचें म्हणणें ऐकून घेत जा.