सांगितलं म्हणजे पोचलं का?



खरिपाचं पीक गुडघ्याच्या वर गेलं की शिवारात जिकडे तिकडे पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसू लागतात. सकाळी चहा पिता पिता मालक गड्याला म्हणतो, "आज कपाशीला औषध मारायचं हं." गडी मान हलवतो आणि दोघे आपापल्या वाटेला लागतात. बोलणं झालं, काम सांगून झालं. पण काय सांगून झालं, ते जरा बघू या.

पहिला तो शब्दच घ्या. औषध! पोराला ताप आला की आपण देतो ते औषध. म्हातारीच्या गुडघ्याला चोळतो तेही औषध. औषध अंगाला लागलं तर कुणी घाबरत नाही, उलट बरंच वाटतं. आणि त्या बाटलीत असतं कीड मारायचं जहर. एकदा त्याला औषध म्हटलं की ते हाताने ढवळायला माणूस कचरत नाही, आणि त्याच हाताने तंबाखू मळायलाही नाही. शेजारच्या वस्तीवरची एक आजी मात्र आजही "इख मारायला गेलेत" म्हणतात. ऐकणारे हसतात, पण नातवंडं त्या कोपऱ्यात पाऊल टाकत नाहीत. एवढी ताकद एका शब्दात असते.

आता पुढचं. "किती टाकू?" असं गड्याने विचारलंच तर उत्तर येतं, "टाक एक झाकण." कुठल्या बाटलीचं झाकण? प्रत्येकीचं झाकण वेगळं. शिफारस येते ती दहा लिटर पाण्याला इतके मिली अशी, आणि पाठीवरचा पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा. कुठे शिफारस हेक्टरची असते आणि आपण हिशेब धरतो एकराचा, म्हणजे डोस गेला अडीच पट! सांगणाऱ्याच्या मनात माप पक्कं असतं, ऐकणाऱ्याच्या हाती नुसतं झाकण.

बाटलीवर लिहिलेलं असतं म्हणाल, तर असतं खरं. पण बारीक अक्षरात, आणि भाषा अशी की मॅट्रिक झालेला मुलगाही दोनदा वाचेल. "वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये" हे वाक्य भर उन्हात बांधावर उभं राहून वाचून बघा. विरुद्ध म्हणजे तोंड कुठे आणि पाठ कुठे? त्यापेक्षा "वारा पाठीवर घे" म्हटलं की झालं. तिथे विचार करावा लागत नाही.

वाचता न येणाऱ्यासाठी म्हणून बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याच्यावर कवटीचं चित्रही असतं. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि शेवटी हिरवा. सोय चांगली आहे, पण तिचा अर्थ कुणी सांगितला तर! नाही तर हिरवा दिसला की माणूस मोटारीच्या सिग्नलसारखा अर्थ लावतो, 'जा, काही धोका नाही'. हिरवा म्हणजे कमी विषारी. विष ते विषच. आणि पिवळा पाहून "हे जरा मवाळ दिसतंय" म्हणणारेही भेटतात, तो तर लालच्या पाठोपाठचा.

२०१७ सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, कित्येक घरांतली कर्ती माणसं गेली. कपाशी उंच वाढलेली, हवा दमट, दोन-तीन विषं एकत्र कालवलेली, अंगावर झाकायला धड काही नाही, अशी बरीच कारणं पुढे आली. सगळा दोष बोलण्या-सांगण्यावर टाकता येणार नाही. हातमोजे परवडत नाहीत तिथे नुसत्या उपदेशाने काय होणार? पण कशात काय मिसळू नये, किती वेळ फवारावं, डोकं गरगरलं की लगेच थांबावं, ही माहिती छापलेली होती, ती पंप उचलणाऱ्यापर्यंत कितपत पोचली होती हा प्रश्न उरतोच.

आता तुम्ही म्हणाल, सांगून सांगून तोंड दुखतं, ऐकतच नाहीत त्याला काय करणार? याच गोष्टीची एक जुनी परीक्षा आपल्याच मुलखात झालेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं काढली. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसायची, अर्धा तास शेतीचा कार्यक्रम ऐकायची. आणि मग रेडिओ बंद करून त्याच विषयावर आपसात बोलायची. पटलं का, आपल्या जमिनीत जमेल का, अडचण काय. शंका उरल्या त्या लिहून केंद्राला पाठवायच्या, त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात मिळायची.

मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. शेतकरी मंडळं होती त्या गावांबरोबर त्यांनी दुसरीही गावं तपासली. त्या गावांत रेडिओ होता, कार्यक्रम तोच होता, पण बैठक नव्हती. मंडळाच्या गावांत लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलेलं आढळलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडं. आवाज तोच, माहिती तीच! फरक पडला तो ऐकणाऱ्याला तोंड उघडायला मिळाल्याने. पुढे १९५९ पासून अशी मंडळं देशभर सुरू झाली, ती याच अनुभवावर.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, सल्ला दिवसातून चार वेळा येतो. पण तो त्या दुसऱ्या गावांतल्या रेडिओसारखाच. वाजतो आणि थांबतो.

तेव्हा घरात, शेतात काम सांगताना एवढं करून बघा. सांगून झालं की "कळलं ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर एकच, "हो कळलं." मालकापुढे नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा म्हणा, "मामा, मी काही सांगायचं विसरलो का बघा. आता पहिल्यापासून काय काय करणार?" वडीलधारा गडी असला तर हे असंच विचारावं, म्हणजे शाळेतल्या मास्तरासारखं परीक्षा घेतल्यागत वाटत नाही. त्याच्या तोंडून ऐकलं की गाडी कुठे अडली ते तिथल्या तिथे समजतं. "दोन्ही बाटल्या एकाच पंपात टाकतो" असं तो सहज बोलून जातो, आणि ते शेतात नव्हे, ओट्यावरच निस्तरता येतं. माप तोंडाने सांगू नका, मापाचं भांडंच हातात द्या आणि किती पंप पाण्याला ते, तेही सांगा. आणि सांगायची वेळही पाहा. बैल जुंपताना, घाई-गर्दीत, चार माणसांसमोर खेकसून सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतं? गड्याला शंका असते, पण मालकाचा आवाज चढलेला असला की ती घशातच राहते.

आणि एका माणसाला तर आपण काहीच सांगत नाही. घरातल्या बाईला. फवारणीचे कपडे तिच्या हाती येतात, ते ती पोरांच्या कपड्यांतच भिजवते, कारण वेगळे धुवायचे हे तिला कुणी बोललंच नाही. संध्याकाळी धनी घरी येतो, उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. जीप बोलावून दवाखान्यात नेते तीच. डॉक्टर विचारतात, "काय फवारलं होतं?" ती म्हणते, "औषध." उतारा द्यायचा तो विषाची जात बघून, नाव कळल्याशिवाय डॉक्टरांचे हात बांधलेले.

म्हणून ताई, वहिनी, हे तुमच्यासाठी. घरात नवी बाटली आली की ती कशाची, त्रिकोण कुठल्या रंगाचा आणि ठेवली कुठे, हे त्याच दिवशी विचारून घ्या. उत्तर टाळलं तर पुन्हा विचारा. तसा प्रसंग आलाच तर अंगावरचे कपडे आधी उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि जीपमध्ये बसताना ती बाटली, निदान तिच्यासोबतचं माहितीपत्रक, पिशवीत घालून बरोबर न्या.