धान्य मोजले, ताट मोजायचे राहिले

नवी दिल्ली : राजधानीच्या राजकारणात मोफत धान्य हा आता तात्त्विक वादाचा विषय उरलेला नाही. लोकसभेने 26 ऑगस्ट 2013 रोजी आणि राज्यसभेने 2 सप्टेंबर 2013 रोजी राष्ट्रीय अन्नसुरक्षा विधेयक संमत केले, त्या वेळी तिजोरीवरील भारापासून राज्यांच्या अधिकारांपर्यंत अनेक आक्षेप घेतले गेले होते. पुढे सत्ताबदल झाला. कायदा मात्र टिकला. इतकेच नव्हे, तर किलोमागे तीन, दोन आणि एक रुपया हे दर जानेवारी 2023 पासून शून्यावर आले आणि जानेवारी 2024 पासून पुढील पाच वर्षांसाठी सुमारे 11.80 लाख कोटी रुपयांच्या अपेक्षित खर्चाला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सत्ताधारी आणि विरोधक यांच्यातील वाद उरला तो श्रेयाचा आणि लाभार्थींच्या संख्येचा. हे धान्य ज्या घरात जाते, त्या घराच्या आरोग्याचे काय होते, हा प्रश्न दोन्ही बाकांवरून अभावानेच विचारला जातो.

आकडेवारी पाहता तो विचारला जाणे निकडीचे आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) पाच वर्षांखालील 35.5 टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 38.4 टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण मंद. सहा महिने ते दोन वर्षे या वयातील जेमतेम 11.3 टक्के बालकांना किमान पुरेसा आहार मिळतो. 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण 53.1 वरून 57 टक्क्यांवर गेले. रक्त तपासण्याच्या पद्धतीबाबत तज्ज्ञांत मतभेद असले, तरी समस्येचे गांभीर्य कोणी नाकारत नाही. महाराष्ट्रासारख्या तुलनेने संपन्न राज्यातही उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण 25.6 टक्के, म्हणजे 19.3 टक्के या राष्ट्रीय सरासरीहून अधिक आहे.

याचे एक कारण कायद्याच्या रचनेतच आहे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास 35 किलो धान्य, हा हक्क तृणधान्यापुरता मर्यादित आहे. पाच किलोचे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम होतात. त्याने पोटाला आधार मिळतो. ताट भरत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतील दिवसाला 85 ग्रॅम डाळीचे प्रमाण धरले, तर चौघांच्या घरास महिन्याला दहा किलो डाळ लागेल. ती पूर्णपणे बाजारभावाने घ्यायची असल्याने हातावर पोट असलेल्या घरात प्रथम कात्री लागते ती डाळ, तेल आणि दुधाला. आणि अशा घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला बहुधा भातच उरतो.

अपुऱ्या अन्नाचा आजाराशी असलेला संबंध क्षयरोगाच्या बाबतीत सर्वाधिक स्पष्टपणे सिद्ध झाला आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचे जंतू शरीरात असूनही अनेकांना आजार होत नाही. कुपोषणाने प्रतिकारशक्ती खचली की तो डोके वर काढतो. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की मजुरी बुडते, घरातील अन्न आणखी घटते आणि त्याच छताखालील दुसऱ्याला लागण होण्याची भूमी तयार होते.

हे चक्र तोडता येते काय, याचा शोध झारखंडमध्ये घेण्यात आला. 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरांतील 10,345 सहवासी यांच्यावरील या अभ्यासाचे निष्कर्ष ऑगस्ट 2023 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या गटांत घरातील इतरांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. शिधा रुग्णापुरता न ठेवता घरासाठी दिला, तर तो प्रतिबंधक उपायाचे काम करतो, असा याचा सरळ अर्थ आहे.

सरकारने या निष्कर्षांची दखल घेतली नाही, असे म्हणता येणार नाही. निक्षय पोषण योजनेतील 500 रुपयांचे मासिक साहाय्य 1 नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये झाले आणि रुग्णाच्या कुटुंबीयांनाही शिधा देण्याचे ठरले. तथापि, कुटुंबीयांचा हा शिधा ‘निक्षय मित्र’ म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवर सोपविण्यात आला. रुग्णाचा वाटा तिजोरीतून आणि घराचा वाटा दानातून, अशी ही विभागणी आहे. जो भाग आजार रोखतो, तोच हक्काच्या कक्षेबाहेर राहिला.

ही विसंगती प्रशासकीय आहे. अन्न खाते कृषी भवनातून, आरोग्य खाते निर्माण भवनातून आणि महिला व बालविकास खाते शास्त्री भवनातून वर्षानुवर्षे आपापला हिशेब मांडत आले. धान्य उचलले की पहिल्याचे काम संपते आणि रुग्णाची नोंद झाली की दुसऱ्याचे सुरू होते. मधले घर कोणाच्याच खात्यात येत नाही. स्थलांतरित कुटुंबाची स्थिती अधिक बिकट असते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा प्रारंभ 2019 मध्ये ज्या राज्यांत झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. 2022 मध्ये ती देशभर लागू झाली. पण पत्रिकाच नसेल, तर ती कोठेही चालण्याचा उपयोग शून्य. ई-श्रम पोर्टलवर नोंद असलेल्या सुमारे आठ कोटी कामगारांकडे शिधापत्रिका नसल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयास 2023 आणि 2024 मध्ये वारंवार हाताळावा लागला, तो यामुळेच.

कायद्याच्या कलम 9 नुसार लाभार्थींची संख्या प्रसिद्ध जनगणनेवर ठरते. आजवर ती 2011 च्या आकड्यांवर बेतलेली आहे. सुमारे 14 कोटी पात्र नागरिक यामुळे वंचित असल्याचा मुद्दा सोनिया गांधी यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यसभेत मांडला. नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भदिनांक निश्चित झाला असल्याने तिचे आकडे येताच लाभार्थींची मर्यादा नव्याने ठरवावी लागेल.

त्या वेळी केवळ संख्या वाढवून थांबायचे, की शिध्यातील जिन्नसही बदलायचे, हा खरा राजकीय निर्णय असेल. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. कलम 12 मध्येच वितरणातील जिन्नस टप्प्याटप्प्याने वाढविण्याची तरतूद आहे. 2020 च्या टाळेबंदीत केंद्राने काही महिने कुटुंबामागे एक किलो डाळ किंवा हरभरा दिला होता. तमिळनाडू 2007 पासून सवलतीत तूरडाळ आणि पामतेल देत आहे. खर्च वाढेल, डाळीच्या खरेदीची यंत्रणा उभारावी लागेल आणि गहू-तांदळाभोवती बसलेली हमीभावाची घडी विस्कटेल, हे आक्षेप निराधार नाहीत. परंतु संपूर्ण देशासाठी एकदम निर्णय शक्य नसेल, तर क्षयरुग्ण असलेल्या प्रत्येक घरास डाळ-तेलासह शिधा हक्काने देण्यापासून आरंभ करता येईल. ती घरे सरकारी नोंदवहीत आधीच आहेत. अन्न आणि आरोग्य खात्यांनी आपल्या याद्या एकत्र जोडणे एवढेच बाकी आहे.