लागलं कुणाला, लिहिलं कुणी?

आज १० फेब्रुवारी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वर्धापनदिन. १९४९ साली जन्मलेल्या या संस्थेला ७७ वर्षे पूर्ण झाली. गणेशखिंडीतल्या मुख्य इमारतीसमोर झेंडा फडकेल, सत्कार होतील, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्यापासूनचा वारसा आळवला जाईल. तो आळवावाच. पण समारंभाच्या आदल्या दिवशी हिरवळ कापताना एखाद्या माळ्याचा अंगठा यंत्रात गेला, तर पुढे काय होईल? हा प्रश्न काल्पनिक असला तरी त्याचे उत्तर कोणत्याही विद्यापीठाच्या आवारात काम करणाऱ्याला पाठ असते. सुपरवायझर त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेईल. टाके पडतील. बिल कुणीतरी भरेल आणि वर सांगेल, ‘साहेबांच्या कानावर घालू नकोस, उगाच चौकशी लागेल.’ मग आठवडाभर हजेरी लागणार नाही आणि पगार तेवढा कापून येईल. आस्थापना विभागाच्या दृष्टीने त्या दिवशी आवारात काहीही घडलेले नसेल.

सगळे काही लिहून ठेवणे हाच ज्या संस्थेचा धर्म, तिथे हे घडते याचे आम्हाला नवल वाटते. उत्तरपत्रिकेची एक पुरवणी हरवली तर समिती बसते. प्रयोगशाळेतले चंचुपात्र फुटले तर डेडस्टॉक रजिस्टरात ते सापडते. ते पात्र फुटताना ज्याचा हात कापला, त्याच्यासाठी मात्र बहुतेक विभागांत रजिस्टर नसते.

कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्या काळी केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडायला नारायण मल्हार जोशी बसत. डेक्कन कॉलेजात शिकलेले, काही वर्षे मास्तरकी केलेले आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे आजीव सदस्य झालेले ना. म. जोशी हे पुण्याच्याच मुशीतले. पुढे १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायचे काम सरकारने सोपवले तेही एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकावर, बी. पी. आडारकरांवर. त्यांच्या अहवालातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे आपला ‘ईएसआय’, उभा राहिला. थोडक्यात, या देशातल्या कामगाराच्या जखमेची किंमत ठरवण्यात मास्तर आणि प्राध्यापक पुढे होते. त्यांच्याच बिरादरीच्या संस्था त्यात मागे राहाव्यात, हे फार शोभत नाही.

किंमत म्हणजे नेमकी किती, हेही पाहू. कायद्याच्या परिशिष्टात एक तक्ता आहे आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरायचे. तर्जनी संपूर्ण गेली तर १४ टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. हे रुक्ष आहे, पण रुक्ष आहे म्हणूनच गरिबाच्या कामाचे आहे, कारण त्यात साहेबाच्या दयेला जागा नाही. आपला माळी ४० वर्षांचा आणि त्याचा पगार १५,००० रुपये धरू. २०२० पासून हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा तेवढीच आहे. त्याच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने, म्हणजे १८४.१७ ने गुणायचे आणि आलेल्या रकमेचे ३० टक्के काढायचे. उत्तर येते ४ लाख ९७ हजार २५९ रुपये. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. ‘दवाखान्याचे बिल भरले ना आम्ही’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहावा.

हा पैसा मिळण्याची पहिली पायरी म्हणजे इजा झाल्याचे कळवणे. होईल तितक्या लवकर मालकाला कळवावे आणि दोन वर्षांत दावा करावा, असे कायदा सांगतो. ठरावीक मालकांनी आवारात एक नोंदवही ठेवावी आणि ती जखमी माणसाच्या हाताशी असावी, असा आदेश राज्य सरकारला काढता येईल, ही तरतूदही त्या जुन्या कायद्यात होती. २०१७ साली आणखी एक दुरुस्ती झाली: कामावर घेतानाच मालकाने भरपाईचा हक्क माणसाला समजेल अशा भाषेत लेखी सांगायचा. ज्या विद्यापीठात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या किती सफाई कामगारांच्या हाती मराठीतला असा कागद पडला असेल, हे कुणी विचारून पाहिले तर बरे.

खरी गोम मात्र पुढे आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यात हात यंत्रात गेला तर तो अपघात सरकारला कळवण्याची सक्ती कारखाने कायद्याने केलेली होती. विद्यापीठ कारखाना नाही. त्यामुळे कामगाराचा भरपाईचा हक्क एका दाराने आत आला आणि तो सिद्ध करणारा कागद दुसऱ्या दाराबाहेर राहिला. त्यातच विद्यापीठ हा ‘उद्योग’ आहे का, या वादात कोर्टाची दशके गेली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालय नाही म्हणाले, १९७८ साली बंगळुरू पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या निकालात हो म्हणाले, तर १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात औद्योगिक कलह कायद्यापुरते शिक्षक हे कामगार नव्हेत असे ठरले. भरपाईच्या कायद्यातली यादीही मुख्यतः अंगमेहनतीच्या आणि जोखमीच्या कामांची. कारकुनी काम करणाऱ्यांवरची बंदी उठायला २००९ ची दुरुस्ती यावी लागली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ल अंगावर उडालेली तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका यात कुठे बसते, हे सांगायला वकील गाठावा लागतो. कायम नोकरीतल्यांना निदान रजा असते, वैद्यकीय प्रतिपूर्ती असते, संघटना असते. तासिकेवाल्यांना तास बुडाल्याचा हिशेब तेवढा असतो.

आणि ठेकेदाराच्या माणसाला तेही नसते. सुरक्षा, साफसफाई, बाग, वसतिगृहाची खानावळ, विजेची दुरुस्ती: विद्यापीठांमधली हातापायांची कामे एकेक करून निविदांमध्ये गेली. मालकाच्या नेहमीच्या कामाचा भाग ठेकेदाराकडून करून घेतला तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते, त्याने ती रक्कम नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, असे १९२३ पासूनचे तत्त्व आहे. त्यातून निसटायची वाट एकच: साफसफाई हे आमचे नेहमीचे काम नाही, असे म्हणणे. वर्ग झाडल्याशिवाय ज्ञानदान कसे चालते, हे मग अशा विद्यापीठाने शपथपत्रावर सांगावे. एजन्सीने ईएसआय भरलेला असला तर दिलासा आहे. उपचार मिळतात आणि कामावर येता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. पण पगारातून कपात होते आणि माणसाच्या हातात कार्ड नसते, अशी स्थिती असेल तर ते अपघाताच्या दिवशीच उघडकीस येते. अपघात कामावरचा होता हे मालकाच्या अहवालातून कळते. तो अहवालच गेला नाही, तर माणूस घरात पाय घसरून पडला होता असे म्हणायला सगळे मोकळे.

नोंद झाली आणि माणसे लढली तरी किती वर्षे जातात, याचा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या साखर कारखान्यावर एक पहारेकरी होता. २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी तो दुचाकीवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे पत्नी, मुले आणि आई. आयुक्तांनी २००९ साली ३ लाख २६ हजार १४० रुपये व्याजासह देण्याचा आदेश दिला. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि २०११ साली आदेश रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला जुलै २०२५ मध्ये: घर आणि काम यांचा संबंध वेळ, ठिकाण आणि परिस्थितीने जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामावरचाच. बावीस वर्षे गेली. रात्रपाळीला औंध-खडकीकडून सायकलने येणाऱ्या विद्यापीठाच्या पहारेकऱ्याला हा निकाल कुणी वाचून दाखवला आहे का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले आणि कामाच्या वाटेवरचा अपघात संहितेत स्पष्ट शब्दांत आला. कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या संहितेत ‘आस्थापना’ची व्याख्याही पूर्वीपेक्षा रुंद आहे. संहितांमध्ये कामगारांच्या विरोधातही बरेच आहे, त्यावर आम्ही लिहिले आहे आणि लिहू. पण या एका बाबतीत विद्यापीठाने ‘आम्ही या व्याख्येत बसत नाही’ असे कायदेशीर मत मागवण्यात वर्ष घालवू नये.

व्याख्येचे बोलायचे तर आणखी एक. कामामुळे जडणाऱ्या रोगांची जी यादी कायद्यात आहे, तिच्यात संसर्गाचा धोका असलेल्या कामात जडलेले संसर्गजन्य रोग अगदी आरंभी येतात. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई हडपसरजवळ त्यांचे दत्तक पुत्र यशवंतराव यांनी उघडलेल्या दवाखान्यात पोचल्या. तोच प्लेग त्यांना झाला आणि १० मार्चला, म्हणजे आजपासून बरोबर महिन्याने येणाऱ्या तारखेला, त्या गेल्या. २०१४ पासून त्यांचे नाव या विद्यापीठाच्या कमानीवर आहे.

मार्चमध्ये अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो. प्रश्नोत्तराच्या तासाला एखाद्या सदस्याने एवढेच विचारावे: गेल्या वर्षात आवारात काम करताना किती जणांना इजा झाली, त्यात ठेकेदारांची माणसे किती, आणि कुणाला किती भरपाई दिली? उत्तर ‘निरंक’ असे आले तर पुढचा प्रश्न तयार ठेवावा: हे कोणत्या नोंदवहीवरून सांगता? प्रत्येक विभागात, वसतिगृहात आणि फाटकावर एक मराठी नोंदवही, ती भरणाऱ्याचे नाव ठरलेले, जखमी माणसाला पानाची प्रत जागेवर, आणि अपघात दडवला तर ठेकेदाराचे देयक अडवणारे कलम पुढच्या निविदेत. यासाठी वेगळी आर्थिक तरतूद लागत नाही. कुलसचिवांचे एक परिपत्रक लागते.